नट ढिला झाला, की नंबर वाढला?

राजापेठला आमच्या वस्तीतल्या विहारात रविवारची वंदना झाली की आम्ही तिघीजणी ओसरीवर बी.पी.चं मशीन आणि साखर तपासायच्या पट्ट्या मांडून बसतो. लोक येतात बी.पी. दाखवायला. पण उठता उठता कुणाच्या पिशवीतून, कुणाच्या शर्टाच्या खिशातून चष्मा निघतो. "सिस्टर, हा काच हालून राह्यला, पाहा बरं जरा." पूर्वी हे चष्मे जाड काळ्या फ्रेमचे असत, त्यांना सहसा काही होत नसे. आता कॉलेजातली पोरं, दुकानात कामाला जाणाऱ्या मुली, लग्नात नवा चष्मा घेतलेले जावई, अशा बऱ्याच जणांकडे बिनफ्रेमचा, म्हणजे रिमलेस चष्मा दिसतो. हलका असतो, चेहरा मोकळा दिसतो, साहेबासारखं वाटतं. घेण्यात चूक काहीच नाही. पण तो वेगळ्या रीतीने सांभाळावा लागतो आणि विकताना ते कुणी सांगत नाही.

शाळा सुरू झाल्यावर जुलैत एक माय तिच्या नववीतल्या मुलीला घेऊन आली. "सिस्टर, पोरीचा नंबर वाढला वाट्टे. रोज सांजच्याले डोकं दुखते म्हणते. मागच्याच साली तर चष्मा घेतला. आता पुन्हा कुठून आणू पैसे?" माय चार घरची धुणीभांडी करते. मुलीने पुस्तक वाचणंच कमी केलं होतं आणि वर्गात ती मैत्रिणीच्या वहीतून फळा उतरवून घेत होती. आम्ही चष्मा हातात घेतला. उजव्या काचेच्या नाकाकडच्या बाजूला बोट लावलं, तर काच घड्याळाच्या काट्यासारखी हलली. मागचा बारीक नट दीड फेरा सुटलेला होता. मुलीच्या मोबाइलमध्ये नवा चष्मा घातलेला फोटो सापडला. तो पाहून काच होती तशी सरळ बसवली, नट बेताने आवळला. पुढच्या रविवारी ती स्वतःच सांगून गेली, डोकं दुखायचं थांबलं म्हणून.

एवढ्याशा नटाने डोकं कसं दुखेल, असं वाटेल. त्याचं कारण समजून घेऊ. चष्म्याचे नंबर दोन प्रकारचे. साध्या नंबराची काच कशीही फिरवली तरी मध्यभागातून सारखीच दिसते. सिलिंडरच्या नंबराची गोष्ट निराळी. त्या काचेची ताकद एका दिशेला जास्त आणि दुसऱ्या दिशेला कमी असते. ती दिशा डोळे तपासल्याच्या कागदावर 'ॲक्सिस' या रकान्यात लिहिलेली असते, १ ते १८० अंशांत. काच १० अंश फिरली तर सिलिंडरच्या जवळजवळ एक तृतीयांश इतका दोष शिल्लक राहतो. ३० अंश फिरली तर सिलिंडरपुरता चष्मा असून नसल्यासारखा, वर दोषाची दिशाही बदललेली. १० अंश म्हणजे किती? घड्याळाचा मोठा काटा दोन मिनिटांत १२ अंश सरकतो. तेवढं सुद्धा नाही. काच चौकोनी असेल तर ती तिरपी झालेली दिसते. काच गोल असेल तर फिरलेली कळतही नाही, फक्त डोकं दुखतं.

तुमच्या चष्म्यात सिलिंडर आहे की नाही, हे कागद हरवला असला तरी घरी पाहता येतं. चष्मा हातभर लांब धरा, एका काचेतून दाराच्या चौकटीची उभी कड पाहा आणि चष्मा स्टिअरिंगसारखा हळूहळू फिरवा. काचेतली कड बाहेरच्या कडेपासून तिरपी होऊन कात्रीसारखी उघडमीट करू लागली, तर सिलिंडर आहे. कड सरळच राहिली, तर नाही. मुलांना हा खेळ फार आवडतो.

हा चष्मा आतून असतो कसा

साध्या चष्म्यात सगळा जोर फ्रेम सोसते आणि काच आत नुसती बसलेली असते. बिनफ्रेमच्या चष्म्यात काच हीच फ्रेम. काचेला बारीक भोकं पाडून मधला ब्रिज आणि दोन्हीकडच्या दांड्या तिथेच अडकवतात. म्हणजे चष्मा काढताना, घालताना, खिशात कोंबताना जो ताण पडतो, तो सगळा त्या भोकांच्या कडांवर येतो. चष्मा बहुतेक वेळा तिथेच तडकतो.

जोडायच्या पद्धती मुख्यतः दोन. पहिल्या पद्धतीत काचेतून बारीक स्क्रू आरपार जातो आणि मागे नट बसतो. स्क्रूची जाडी साधारण १.२ ते १.४ मिलिमीटर. नट आणि काच यांच्यामध्ये प्लास्टिकचा वॉशर असतो, बरेचदा भोकाच्या आतही प्लास्टिकची नळी असते. धातू थेट काचेला घासू नये म्हणून ती असते. दुसऱ्या पद्धतीत स्क्रूच नाही. दांडीच्या टोकाला दोन बारीक खुंट्या असतात आणि त्या प्लास्टिकच्या नळीसकट भोकांत दाबून बसवतात. ओळखायचं कसं? चष्मा उलटा करून भिंगातून मागची बाजू पाहा. नट दिसला तर पहिली पद्धत. नुसते प्लास्टिकचे कापलेले ठिपके दिसले तर दुसरी. ही दुसऱ्या पद्धतीची जोडणी सैल झाली तर घरी हात लावू नका. जुनी नळी कापून नवी दाबावी लागते, ते दुकानातल्या यंत्राचं काम आहे.

पूर्वी चष्म्याची काच खरोखर काचेची असे आणि भोक पाडलेली काच लवकर फुटे. १९४० च्या दशकात अमेरिकेत सी.आर.-३९ नावाचं प्लास्टिक निघालं. त्यातला ३९ हा आकडा प्रयोगातल्या ३९ व्या नमुन्याचा. आज साधी 'फायबरची काच' म्हणून जी मिळते, ती बहुधा हीच. १९९९ मध्ये ऑस्ट्रियाच्या सिल्हूट कंपनीने टायटॅनियमचा, स्क्रू नसलेला आणि बिजागरीही नसलेला चष्मा काढला. तो महाग चष्मा आपल्या वस्तीत येणार नाही, पण त्या धाटणीचे स्वस्त चष्मे आज फुटपाथवर सुद्धा मिळतात. दिसायला सारखे असले तरी फरक काचेच्या जातीत आहे. सी.आर.-३९ ची काच भोकाजवळ लवकर तडकते. पॉलिकार्बोनेट किंवा ट्रायव्हेक्स ही प्लास्टिकं भोक पाडायला पुष्कळ चिवट. नवीन रिमलेस घेताना दुकानात हा एक प्रश्न विचाराच : काच कशाची लावणार? बिलावर तसं लिहून घ्या. आणि शाळकरी लेकरांना रिमलेस घेऊच नका. त्यांना पूर्ण फ्रेम आणि पॉलिकार्बोनेटची काच. नववीतल्या त्या मुलीलाही आम्ही पुढचा चष्मा फ्रेमचा घ्यायला सांगितलं. ती नाराज झाली, पण ऐकलं.

आमच्या डब्यात काय आहे

बिस्किटाच्या एका रिकाम्या डब्यात आमचं हे सगळं दुकान मावतं. घड्याळजी वापरतो तसा बारीक स्क्रूड्रायव्हर, ज्याचं पातं दीड ते दोन मिलिमीटर रुंद असतं. नट धरायला पोकळ तोंडाचा छोटा पाना. टोकदार चिमटी. एक भिंग. नोजपॅडच्या दोन-तीन जोड्या, थोडे प्लास्टिकचे वॉशर. जुन्या धोतराचा धुतलेला मऊ तुकडा. बस. हे सगळं घड्याळजीकडे किंवा इतवाऱ्यात मिळून जातं. एका घराने सगळं घ्यायची गरज नाही, एका गल्लीत एक डबा पुरतो. स्वयंपाकघरातली सुरी, सेफ्टी पिन किंवा नेलकटरचं टोक यांनी स्क्रू फिरवू नका. टोक घसरलं की काचेवर कायमचा ओरखडा आणि स्क्रूच्या डोक्याची खाच बोथट. मग तो स्क्रू दुकानदारालाही निघत नाही.

काम करायची आमची सवय दवाखान्यातली आहे. आधी हात धुवायचे, मग स्टीलच्या थाळीत पांढरा कपडा अंथरायचा आणि चष्मा त्यावर ठेवायचा. स्क्रू पडला तर कपड्यावर राहतो, उडून पलंगाखाली जात नाही. चुंबकाने शोधू म्हणाल तर बरेचसे स्क्रू चुंबकाला चिकटतच नाहीत. काम दिवसाउजेडी करायचं आणि लहान लेकरू बाजूला बसवायचं, कारण हा स्क्रू तोंडात जाण्याएवढाच असतो.

चष्मा आधी धुवून घ्यावा. भोकाजवळ धूळ बसलेली असताना नट आवळला तर ती धूळच काचेला कापते. मग ज्या काचेचा नट सैल आहे, त्या काचेला भोकाजवळ अंगठा आणि बोट यांच्या चिमटीत दोन्ही बाजूंनी आधार द्या. दुसरी काच हातात धरून हे काम कधी करू नका, कारण सगळा पीळ मधल्या ब्रिजवर जातो. पान्याने मागचा नट स्थिर धरा आणि पुढून स्क्रू पाव फेरा फिरवा. काच हलवून पाहा. हलत असेल तर अजून पाव फेरा. काच हलायची थांबली की तिथेच थांबायचं.

हे 'तिथेच थांबायचं' आम्ही स्वतः नुकसान करून शिकलो. आमच्यातल्या एकीने स्वतःच्याच चष्म्याचा नट 'अजून थोडा, अजून थोडा' करत आवळला. कडक असा आवाज आला आणि भोकापासून काचेच्या कडेपर्यंत केसासारखी रेघ गेली. ती रेघ आठवड्याभरात वाढत गेली आणि दांडी काचेच्या तुकड्यासकट हातात आली. नट आवळून सुद्धा काच हलत राहिली, तर बहुतेक वेळा प्लास्टिकचा वॉशर किंवा आतली नळी झिजलेली असते. जोर लावून तो दोष जात नाही. वॉशर बदलावा लागतो. भिंगातून पाहताना भोकाभोवती चांदणीसारख्या बारीक रेघा दिसल्या, तर त्या काचेला हातच लावू नका. दुकानात न्या आणि ती फुटेपर्यंत जुना चष्मा जवळ ठेवा.

आता ज्या दोन गोष्टी वस्तीत सर्रास चालतात त्यांच्याबद्दल. पहिली, फेविक्विक. सैल काच फेविक्विकने चिकटवली की त्याच्या वाफेने काचेवर पांढरी धुकट साय धरते आणि ती पुसून जात नाही. स्क्रू कायमचा जाम होतो तो वेगळाच. दुसरी, नेलपॉलिश. साध्या फ्रेमच्या बिजागरीच्या स्क्रूवर एक ठिपका लावला तर तो लवकर सुटत नाही, हे खरं आहे. पण बिनफ्रेमच्या चष्म्यात नट काचेला खेटून असतो. नेलपॉलिशमधलं आणि ते पुसायच्या द्रावातलं रसायन पॉलिकार्बोनेटला लागलं की काच भोकाभोवती भेगाळते. म्हणून रिमलेसला नेलपॉलिश नको.

आणि स्क्रू हरवलाच, उद्या पेपर आहे किंवा रात्रपाळी आहे, तर? बिजागरीचा स्क्रू गेला असेल तर सुईने मजबूत दोरा दोन-तीन वेळा भोकांतून ओवून गाठ मारा, दोन दिवस निभतं. सेफ्टी पिन नको, डोळ्यापासून दोन बोटांवर टोकदार तार ठेवायची नाही. काचेतला स्क्रू गेला असेल तर दोऱ्यानेही काच सरळ राहत नाही, तेव्हा जुना चष्मा घालावा.

नाकावर, कानावर

"नाकावर ठयरतच नाही" ही दुसरी मोठी तक्रार. चष्मा घसरला की माणूस नुसता वैतागत नाही, त्याला दिसतंही कमी. दोन भागांचा किंवा प्रोग्रेसिव्ह चष्मा असेल तर वाचायचा भाग खाली सरकतो, मग मान उचलून वाचायची आणि मानेचा पट्टा लावायची वेळ आणायची. शिवणकाम करणाऱ्या दोघी-तिघींची मान अशानेच दुखत होती.

आधी पाहणी. चष्मा टेबलावर किंवा काचेच्या सपाट तुकड्यावर उलटा ठेवा, म्हणजे काचांची वरची कड खाली आणि दांड्या उघड्या. दोन्ही काचा आणि दोन्ही दांड्यांची टोकं अशी चारही ठिकाणं टेकली पाहिजेत. एक टोक अधांतरी राहिलं तर दांडी वाकलेली आहे. पण टेबलावर सरळ म्हणजे तोंडावर सरळ असं नाही. आपल्यापैकी कित्येकांचे दोन कान एका रेषेत नसतात. शेवटचा निकाल चेहऱ्यावर लागतो. समोर कुणाला तरी आपल्या डोळ्यांच्या उंचीवर बसवा आणि त्याला सांगू द्या, कोणती काच वर आहे.

जी काच वर दिसते, त्या बाजूची दांडी किंचित वर वाकवायची, म्हणजे काच खाली येते. उलटं वाटतं, पण दांडी कानावर टेकलेली असते हे लक्षात घेतलं की पटतं. एक काच गालाजवळ आणि दुसरी लांब असेल, तर जवळच्या काचेची दांडी किंचित आत घ्यायची. हे तत्त्व सगळ्या चष्म्यांना लागू आहे. मात्र बिनफ्रेमच्या चष्म्यात दांडी मुळाशी वाकवणं हे घरचं काम नाही. तिथला धातू एका पकडीने घट्ट धरून दुसरीने वाकवावा लागतो, नाहीतर सगळा जोर भोकावर जातो. दुकानदाराकडे त्यासाठी खास पकडी असतात. आमच्या अनुभवात बहुतेक दुकानदार एवढ्या कामाचे पैसे घेत नाहीत. चष्मा दुसरीकडून घेतला असला तरी विचारायला लाजू नका.

घरी करण्यासारखं आहे ते दांडीच्या टोकाचं. कानामागे वळणारं प्लास्टिकचं टोक कानाच्या वरच्या कडेपासूनच वळलं पाहिजे. वळण त्याच्या मागे असेल तर चष्मा घसरतो, पुढे असेल तर कान दुखतो. नुसतं टोक हाताला सोसेल एवढ्या गरम पाण्यात अर्धा मिनिट बुडवा, काच पाण्याबाहेर. मग दोन्ही अंगठ्यांनी हळू वळवा आणि गार पाण्यात धरा. थंड टोक वाकवलं तर मोडतं. रबरासारखं टोक किंवा वाकवून पुन्हा सरळ होणारी दांडी असेल तर हा उपाय लागू पडत नाही, प्रयत्न सोडून द्या.

नोजपॅड ज्या तारेवर बसतात, त्या तारा जवळ आणल्या की चष्मा वर चढतो, लांब केल्या की खाली बसतो. दोन्ही पॅड नाकावर सपाट टेकले पाहिजेत. पॅडची नुसती कड रुतत असेल तर नाकावर लाल खड्डा पडतो. तार हलवताना एका हाताने मधला ब्रिज पक्का धरा आणि तांदळाच्या दाण्याएवढंच हलवा. पॅड पिवळे, कडक झाले असतील तर सरळ बदला, ही सगळ्यात स्वस्त दुरुस्ती. पॅडच्या स्क्रूजवळ हिरवा मळ धरतो, तो घाम आणि तांब्याच्या मिश्रधातूचा. जुन्या मऊ ब्रशने साबणपाणी लावून काढावा. नाकावर किंवा कानामागे चष्मा टेकतो तिथेच काळं होऊन खाजत असेल, तर ती निकेलची ॲलर्जी असू शकते. सिलिकॉनचे पॅड आणि प्लास्टिकची टोकं लावून पाहा.

राहिली एक सवय. चष्मा दोन्ही हातांनी काढायचा आणि दोन्ही हातांनी घालायचा. एका हाताने झटक्यात काढला की रोज थोडा थोडा ब्रिज पिळला जातो. डोक्यावर केसांत अडकवून ठेवायची फॅशन रिमलेसला चालत नाही. मुलींनो, ऐकलं ना?

पदर, ऊन आणि खारं पाणी

चष्मा पदराने पुसू नका. पदरावर दिवसभराची धूळ असते आणि कोरडी धूळ काचेवर पॉलिशपेपरसारखी फिरते. आधी नळाखाली धरा, भांड्याच्या लिक्विड साबणाचा एक थेंब बोटाने दोन्ही बाजूंना लावा, धुवा, मऊ सुती कापडाने टिपून घ्या. राख, निरमा, टूथपेस्ट, आरसा पुसायचं निळं पाणी यांतलं काही नको.

आपल्याकडे पाण्याचीही एक गोष्ट आहे. दर्यापूर, अकोट, मूर्तिजापूरकडचा भाग पूर्णा नदीच्या खारपाणपट्ट्यात येतो. तिकडच्या विहिरीच्या, हापशीच्या पाण्याने धुतलेला चष्मा उन्हात वाळत ठेवला की काचेवर क्षाराचे पांढरे डाग पडतात. लोक ते नखाने खरवडतात आणि काचेवरचा लेपच निघतो. म्हणून थेंब वाळायच्या आत टिपायचा, आणि शेवटची धार पिण्याच्या पाण्याची घ्यायची.

ऊन. मे महिन्यात अमरावती-अकोल्याचा पारा ४४-४५ अंशांवर जातो, तेव्हा उन्हात उभ्या ऑटोच्या डॅशबोर्डवर तो याच्या कितीतरी वर असतो. तिथे ठेवलेल्या चष्म्याच्या काचेवरचा लेप जाळीदार तडकतो. काच धूसर दिसते आणि मग ती पुसून पुसून माणूस दमतो. चुलीजवळ, इस्त्रीच्या टेबलावर, तंदूरशेजारीही तेच. कडक डबी घ्या आणि चष्मा डबीत ठेवा. ऑटो चालवणाऱ्या भावांनो, खिशात ठेवला तर बसताना मोडतो, डॅशबोर्डवर ठेवला तर भाजतो. डबी सीटखाली.

आणखी एक सोपं काम आजच करा. नवा किंवा नीट बसलेला चष्मा पांढऱ्या कागदावर ठेवून समोरून आणि वरून मोबाइलने फोटो काढा. डोळ्यांच्या कागदाचाही फोटो काढून ठेवा. उद्या काच फिरली तर काय होतं आणि काय झालं, हे लगेच कळतं.

चष्मा की डोळा?

इतकं सगळं सांगितलं, पण आम्हाला एक चूक सांगायचीच आहे, कारण ती आमची आहे. वस्तीतले एक आजोबा, सत्तरीच्या आसपासचे. "चष्मा ढिला होते, नीट दिसत नाई" म्हणून दोनदा आले. दोन्ही वेळा चष्मा खरोखरच सैल होता. दोन्ही वेळा आम्ही नट आवळला, पॅड बदलले, ते जयभीम करून गेले. तिसऱ्यांदा आले तेव्हा चष्मा घट्ट होता आणि तरी त्यांना समोरचं कॅलेंडर वाचता येत नव्हतं. तेव्हा आम्ही विचारलं, साखर कधी तपासली होती? तर गोळ्या दीड वर्षापासून बंद होत्या. जिल्हा सामान्य रुग्णालयात, आपल्या इर्विनला, थेंब टाकून पडदा तपासला. मधुमेहाने एका डोळ्याचा पडदा बराच खराब झाला होता. त्या डोळ्याची गेलेली नजर परत आली नाही. दुसरा डोळा उपचाराने टिकला आहे. आम्ही परिचारिका. साखरेच्या पट्ट्या आमच्यासमोरच मांडलेल्या होत्या. आणि आम्ही दोनदा नट पाहिला.

मधुमेहाने डोळ्याचा पडदा खराब होतो तो सुरुवातीला दुखत नाही, लाल होत नाही, काही कळू देत नाही. बाबासाहेबांनाही १९४८ पासून मधुमेह होता आणि अखेरच्या वर्षांत त्यांची नजर क्षीण झाली होती. मधुमेह असलेल्या प्रत्येकाने वर्षातून एकदा थेंब टाकून पडदा तपासून घ्यायचा, चष्म्यातून छान दिसत असलं तरी. आपल्या समाजात सिकलसेलचं प्रमाण मोठं आहे आणि त्याचाही परिणाम पडद्यावर होतो. सिकलसेलचा आजार असलेल्या मुलांचा पडदा वयाच्या दहाव्या वर्षापासून वर्ष-दोन वर्षांतून एकदा पाहायला हवा.

त्या दिवसापासून आम्ही डबा उघडायच्या आधी एक पुठ्ठा काढतो. तुम्हीही घरी करा. जाड पुठ्ठ्याला दाभणाने साधारण एक मिलिमीटरचं भोक पाडा. कॅलेंडर दहा फुटांवर उजेडात टांगा. चष्मा घालूनच एक डोळा हाताने झाका, दाबू नका, आणि दुसऱ्या डोळ्याने जेवढं बारीक अक्षर वाचता येतं तेवढं वाचा. मग पुठ्ठा त्या डोळ्यासमोर धरून भोकातून तेच पाहा. भोकातून अक्षर स्पष्ट झालं, तर दोष नंबराचा किंवा फिरलेल्या काचेचा असण्याचा संभव जास्त. स्पष्ट झालं नाही किंवा आणखीच अंधूक झालं, तर दोष डोळ्यात आहे असं समजून तपासणीला जा. नंतर दुसरा डोळा. एकेक डोळा झाकून पाहणं महत्त्वाचं, कारण एक डोळा गेला तरी दुसरा सांभाळून घेतो आणि माणसाला महिनोन्‌महिने कळत नाही. ही परीक्षा शंभर टक्के पक्की नाही. पण 'चष्मेवाल्याकडे जाऊ की दवाखान्यात' एवढं ठरवायला ती पुरते.

काही वेळा पुठ्ठाही काढत बसायचं नाही. अचानक डोळ्यासमोर काळे ठिपके किंवा जाळं आलं, वीज चमकल्यासारखं झालं, एका बाजूने पडदा ओढल्यासारखा अंधार आला, डोळा लाल होऊन खूप दुखतोय आणि उलटी होतेय, किंवा चष्मा तुटून काचेचा कण डोळ्यात गेला, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठा. कण गेला असेल तर डोळा चोळू नका, घरी काढायचा प्रयत्न करू नका, वरून वाटी किंवा कागदी कप अलगद झाकून न्या.

पैशाचंही बोलू. राष्ट्रीय अंधत्व नियंत्रण कार्यक्रम १९७६ पासून चालू आहे. त्यात शाळकरी मुलांची डोळे तपासणी होते आणि नंबर निघाला तर मोफत चष्मा देण्याची तरतूद आहे. तपासणीचं पथक शाळेत येऊन गेलं का आणि मुलाचं नाव यादीत होतं का, हे मुख्याध्यापकांना विचारायचा तुम्हाला हक्क आहे. मोफतचा चष्मा फ्रेमचा असतो म्हणून पोरं नाक मुरडतात. तो घालायला लावा.

रविवारी वंदनेनंतर साधारण दोन तास आम्ही ओसरीवर असतो. येताना डोळ्यांचा कागद, जुना चष्मा आणि साखरेच्या गोळ्या चालू असतील तर त्यांची चिठ्ठी आणा. पडलेला स्क्रू किंवा वॉशर सापडला असेल तर तोही कागदात गुंडाळून आणा. आमच्या डब्यात प्रत्येक मापाचा स्क्रू नाही.